तीन ठोके

३ मार्च

चि. भुश्यास,

ताईचे आशीर्वाद. हवे असतील तर घे, नको असतील तर पाकिटात परत ठेव. अकरा वर्षं पडून आहेत, थोडे शिळे झाले असतील.

पत्र बघून घाबरू नकोस. कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही आणि मला तुझ्याकडून काही नकोय. फोन करता आला असता. आपल्या आतेबहिणीनं तुझा नंबर मला दोनदा लिहून दिलाय. पण फोन तू एका झटक्यात ठेवशील. पत्र फाडायचं म्हटलं तरी दोन्ही हात लागतात आणि तेवढ्यात माणूस पहिल्या चार ओळी वाचतोच.

तर मुद्द्याचं सांगते. मी गोल करवत घेतली. विजेची.

आता खाली बस. "यंत्र या दारातून आत आलं तर मी बाहेर जाईन" असं तुला तोंडावर सांगणारी बाई ती मीच. यंत्र आत आलं आणि मीही आतच आहे. जागा दोघींना पुरते.

दुकानदार मला म्हणाला, "काकू, घरातल्या कोणाला तरी बरोबर आणा, त्यांना दाखवून देतो." मी म्हटलं, "घरातली कोणीतरी ती मीच. दाखवा." मग त्यानं विचारलं की आधी कधी लाकूड कापलंय का. मी त्याच्या काउंटरच्या कडेवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, डावीकडचा हा सांधा दोन वर्षांत सुटणार. त्यानं खाली वाकून पाहिलं. तिथून पुढे तो मला मॅडम म्हणत होता.

पहिली फळी अक्रोडाची घेतली. हो, चांगलीच घेतली, भंगारावर हात साफ करायची सवय बाबांनी कधी लावलीच नाही. अशी फळी हातानं कापायची तर मध्ये एकदा चहा होतो. यंत्रानं ती चहा कपात ओतायच्या आत दोन केली. कापलेल्या कडेला काटकोन बघायचा गुण्या लावून उजेडात धरला. दोघांच्या मधून उजेडाची रेघसुद्धा दिसली नाही. मला जरा रागच आला. चाळीस वर्षं आपण हात घासून जे मिळवलं ते हिला खोक्यातून बाहेर काढल्या काढल्या येतं, हे काही बरं नाही.

बोटं दहाच्या दहा आहेत. काळजी करणार नाहीस हे माहीत आहे, तरी सांगून ठेवते.

का घेतली म्हणशील. हौस. दुसरं काही कारण नाही.

तुझी,
ताई

ता.क. करवत तुझ्या बाकाच्या टोकाशी ठेवलीय. तिथली जागा रिकामीच होती.


१९ मार्च

चि. भुश्यास,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. लहानपणी रुसलास की भुशाच्या पोत्यांमागे जाऊन झोपायचास आणि जेवायच्या वेळी आपणहून बाहेर यायचास, अंगभर भुसा घेऊन. नाव तेव्हाच पडलं. या वेळी जेवायची वेळ जरा लांबली एवढंच.

आता दुसरं यंत्र ऐक. राउटर. तुला माहीत असेल, तुझ्या वखारीत हे वापरणारे लोक येत असतील. बघायला एवढंसं आहे, पण चालू केलं की गांधीलमाशीसारखं चिडतं. याच्यानं खाच पाडायची. जी खाच पाडायला बाबांनी मला पटाशी आणि लाकडी मोगरी देऊन दोन महिने बसवलं होतं आणि रोज संध्याकाळी "उद्या परत" एवढंच म्हणाले होते, ती खाच या यंत्रानं आठ मिनिटांत होते. तळ सपाट, भिंती सरळ. घड्याळ लावून बघितलं. मग वाटलं चुकलं असेल, म्हणून दुसरी पाडली. सात मिनिटं.

शेजारच्या शिंपीणबाई बघायला आल्या होत्या. तू गेल्यानंतर त्या इथे राहायला आल्या, म्हणून तुला माहीत नाहीत. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, जीभ माझ्याहून दोन बोटं लांब. म्हणाल्या, "मी शिलाई मशीनला मोटार लावली तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात, आठवतंय ना? कपड्यातला जीव जातो म्हणाला होतात." मी म्हटलं, "मग गेलाच आहे." त्या म्हणाल्या, "तुमच्या अंगातला झगा माझ्याच मोटारीवर शिवलाय, ताई. जीव आहे का बघा चाचपून." तर अशा आहेत.

त्या तुला भेटल्याच कधी, तर एक गोष्ट तिखटमीठ लावून सांगतील, म्हणून मीच आधी सांगते. गोल करवतीत एक फळी अडकली आणि उलटी माझ्याकडे आली. पोटाला जरासं लागलं. जरासं म्हणजे निळं झालं, मग हिरवं झालं, आता पिवळं आहे. चूक माझी. हाताच्या करवतीला आपण फळी मागून रेटतो, त्याच सवयीनं रेटली. यंत्राला रेटलेलं चालत नाही. त्याच्या चालीनं जाऊ द्यावं लागतं. हे मला त्या एका धक्क्यात समजलं, आणि आता मी शहाण्यासारखी बाजूला उभी राहते.

ड्रिलही घेतलंय. स्क्रू पिळायला मनगटाला फार बरं पडतं. म्हणजे वेळ वाचतो, असं म्हणायचं होतं.

आतेबहीण सांगते की तू वखारीत लाकूड मोजून देतोस, पण स्वतः एक खुंटीसुद्धा करत नाहीस. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की त्याला मुळातच आळस. मूळचा आळशीच तो.

तुझी,
ताई


२ एप्रिल

चि. भुश्यास,

आज शिंपीणबाईंनी माझा कान धरला. मागचं पत्र टपालात टाकायला त्यांच्याकडे दिलं होतं. पाकीट चिकटलं नव्हतं आणि त्यांनी ते वाचलं. लाज वाटायला हवी होती त्यांना. उलट मलाच म्हणाल्या, "मनगटाबद्दल खोटं कशाला लिहिता? भावाला लिहिताय की सरकारला?"

बरं, ऐक. उजवं मनगट गेलंय. गेल्या वर्षापासून रंधा पुढे ढकलला की अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जाते. डॉक्टरांनी दोन वेळा सुई दिली आणि तिसऱ्या वेळी म्हणाले, "आता दुसरं काही तरी काम बघा." मी म्हटलं, "तुम्ही बघा." घरी आले, सहा दिवस कामाच्या खोलीचं दार उघडलं नाही आणि सातव्या दिवशी यंत्रांच्या दुकानात गेले. हौस वगैरे काही नव्हती. ही यंत्रं नसती तर खोली बंद करून चावी खिळ्याला टांगावी लागली असती. तू मला बारा वर्षांपूर्वी जे सांगत होतास, "ताई, हात कायम असेच राहणार नाहीत", ते मी ऐकलं असतं तर कदाचित मनगट अजून चाललं असतं. हे लिहिताना पेन अडेल असं वाटलं होतं. अडलं नाही.

तर आता मी यंत्रांवर एक पूर्ण वस्तू केली. तीन पायांचं स्टूल. आपल्याकडची पहिली परीक्षा तीच, म्हणून तेच केलं. फळी गोल करवतीवर कापली, खाचा राउटरनं पाडल्या, घासायला ते थरथरणारं सँडर आणलंय ते वापरलं. एक खाच हाताला किंचित मोकळी वाटली, पण सरस सढळ हातानं घातला आणि बसली. चार दिवसांत स्टूल उभं. हातानं मला दोन आठवडे लागायचे. दिसायला इतकं देखणं आहे की मी त्यावर बसायच्या आधी हात पुसले.

आणि मग मी ते बाकावर ठेवून नुसतीच बघत बसले.

तुला आठवत असेलच, पण मला लिहून काढायचंय. वस्तू पुरी झाली की करणाऱ्यानं दाराबाहेर जायचं. दार लावायचं. आत दुसऱ्यानं बाबांच्या मोगरीनं सांध्यावर तीन ठोके द्यायचे. तीन, कमी नाही, जास्त नाही. करणाऱ्यानं बाहेर उभं राहून मोजायचे. सांधा टिकला तर दार उघडायचं आणि तापलेल्या सळईनं ठसा द्यायचा, गोल आणि गोलात एक टिंब. सुटला तर ठसा नाही. स्वतःच्या कामावर स्वतः ठोके द्यायचे नाहीत, कारण आपला हात आपल्या कामाला दुखवत नाही, असं बाबा म्हणायचे.

बाबा गेले, मग तू गेलास. अकरा वर्षं या खोलीतून एकही वस्तू ठसा घेऊन बाहेर पडली नाही. ठोके द्यायला दुसरं माणूसच नव्हतं. गिऱ्हाइकांना मी सांगत आले की ठसा हल्ली कोणी मागत नाही. एक म्हातारे गृहस्थ खुर्ची उलटी करून बराच वेळ शोधत होते. त्यांना म्हटलं, झिजला असेल. नव्या कोऱ्या खुर्चीवरचा ठसा झिजला असेल, असं मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी ते मानून घेतलं.

शिंपीणबाई म्हणाल्या, "मी देते की तीन ठोके." देतीलही. पण त्यांना काय कळणार, कुठला आवाज टिकल्याचा आणि कुठला सुटल्याचा? ते या घरात दोघांनाच कळतं.

तुझी,
ताई


१० एप्रिल

भुश्या,

आज मायना नाही. आशीर्वाद देण्याच्या जागेवर मी आज बसलेली नाही.

काल दुपारी मी अंगणात, दाराच्या अगदी बाहेर, गोल करवत लावून फळ्या कापत होते. भुसा खोलीत नको म्हणून दार ओढून घेतलं होतं. आत शिंपीणबाई होत्या. त्यांचा एक ड्रॉवर अडकला होता, तो घेऊन आल्या होत्या आणि माझी वाट न बघता त्यांनी तो बाकावर आपटायला सुरुवात केली. मला माहीतही नव्हतं. करवत पूर्ण जोरात चालू होती, कानांवर ते कान झाकायचं होतं, आणि तरी मला कळलं. कानांनी नाही, पायांनी. बाक जमिनीच्या ज्या लाकडी पट्ट्यांना ठोकलाय त्याच पट्ट्या दाराखालून बाहेर पायरीपर्यंत येतात. एक, दोन, तीन, असे सहा. मी न ठरवता मोजले.

करवत बंद केली. आत जाऊन विचारलं, "किती वेळा आपटलात?" त्या म्हणाल्या, "मोजते की काय मी? पाच-सहा." मी त्यांच्या हातात मोगरी दिली. दुसऱ्या हातात लोखंडी हातोडा दिला. सांगितलं, तीन मोगरीचे द्या आणि मग एक हातोड्याचा. मी बाहेर गेले, दार लावलं, करवत चालू केली. पाच वेळा हे करून बघितलं. पाचही वेळा मला चार कळले, आणि चौथा वेगळा आहे हेही कळलं.

शिंपीणबाई काही विचारायच्या बेतात होत्या. माझ्याकडे बघून नुसत्या ड्रॉवर उचलून घरी गेल्या. एवढं शहाणपण त्यांच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

आता मी सांगते, तुला जे माहीत आहे ते.

बाबांना जाऊन सात महिने झाले होते. मोगरी माझ्याकडे आली होती. तू कुठून तरी भाड्यानं यंत्रं आणलीस आणि एका सकाळी स्टूल केलंस. एका सकाळी. संध्याकाळपर्यंत यंत्रं परत द्यायची होती, म्हणून तू दाराबाहेर उरलेल्या फळ्या कापायला उभा राहिलास, आणि मी आत गेले.

पहिला ठोका दिला. उभं. दुसरा दिला. उभं. तिसरा मी मनापासून दिला, खांद्यातून. स्टूल हललंसुद्धा नाही. आवाज इतका भरीव आला की तसा माझ्या स्वतःच्या पहिल्या स्टुलाचा आला नव्हता. ते काम माझ्याहून चांगलं होतं, भुश्या. आणि मला भीती वाटली. रागाचं नाव पुढे करून मी अकरा वर्षं ढकलली, पण राग नव्हता, भीती होती. मला ठसा मिळायला आठ वर्षं लागली होती. लग्नाला नकार दिला, मैत्रिणी तोडल्या, लोकांनी बाईमाणूस सुतारकाम करते म्हणून नाकं मुरडली ती सोसली, सगळं त्या आठ वर्षांसाठी. आणि तू एका सकाळी ते करून दारात उभा होतास. माझ्या आठ वर्षांचं मग काय करायचं, ते मला समजेना. मी मोगरी खाली ठेवली, लोखंडी हातोडा उचलला आणि चौथा ठोका स्टुलाच्या पायावर मारला. पाय उभा चिरला.

मग दार उघडलं आणि म्हटलं, "सुटलं."

तू विचारलंस, "कितव्याला?"

मी म्हटलं, "तिसऱ्याला."

यंत्रं परत देऊन आलास, पिशवी भरलीस आणि गेलास. मी मनाशी म्हणत राहिले, करवत चालू होती, त्याला काय ऐकू येणार, म्हणून तर बिचाऱ्यानं विचारलं. अकरा वर्षं त्या करवतीच्या आवाजामागे लपून बसले होते. काल माझ्याच विकत घेतलेल्या करवतीनं मला बाहेर काढलं.

बाहेर उभा राहिलेला माणूस मोजतोच. मग तो कितव्याला म्हणून कशाला विचारेल? तुला चार कळले होते. तू मला खरं बोलायची एक संधी दिली होतीस, आणि मी ती घेतली नाही.

तू आळशी नव्हतास. ज्या परीक्षेत परीक्षकच खोटं बोलतो ती पुन्हा द्यायची नाही, असं तू ठरवलंस. तुझ्या हातातलं काम मी काढून घेतलं. मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं, पण ते मागायच्या आधी मला काही तरी करायचंय. ते झालं की लिहीन.

ताई


२१ एप्रिल

चि. भुश्यास,

केलं.

तुझं स्टूल मी टाकलं नव्हतं. चिरलेल्या पायासकट माळ्यावर होतं, जुन्या चादरीत गुंडाळलेलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं आणि स्वतःलाही फारसं सांगत नव्हते. परवा खाली काढलं, पुसलं, आणि चिरलेला पाय बदलायला घेतला. वाटलं, मोगरीनं दोनदा खालून मारलं की निघेल. निघेना. पाय चिरला होता, पण वरचा सांधा जसा तू बसवलास तसा घट्ट. चौथ्या ठोक्यालाही सुटला नव्हता. शेवटी पाय करवतीनं कापावा लागला आणि खाचेतलं टोक ड्रिलनं पोखरून काढावं लागलं, कणाकणानं. संध्याकाळ झाली. मनगट ठणकत होतं, पण त्या एका कामाला मला यंत्रावरसुद्धा घाई करायची नव्हती.

नवा पाय केला, बसवला. मग सळई तापवली.

ठशाबद्दल वाद नको म्हणून सांगते. नवा पाय माझा आहे आणि त्याला कोणी ठोके दिलेले नाहीत, म्हणून ठसा मी त्याच्यापासून लांब, तुझ्या जुन्या दोन पायांच्या मध्ये, बैठकीच्या खालच्या बाजूला दिलाय. तुझं काम तीन ठोक्यांना उभं राहिलं होतं. ठसा त्याचा आहे. अकरा वर्षं उशीर झाला तो माझा.

सोबत मोठं खोकं पाठवते आहे. त्यात चार गोष्टी आहेत. तुझं स्टूल, त्यावर आता तू बस, उभा राहा, काय वाटेल ते कर. माझं नवं स्टूल, यंत्रांवर केलेलं. बाबांची मोगरी. आणि ठशाची सळई.

घाबरू नकोस, मी काम सोडलेलं नाही. उलट दुकानदाराला सांगून ठेवलंय की पुढच्या महिन्यात पट्टीची करवत आली की पहिली मला दाखव. पण ठोके कोणी द्यायचे हे आता तू ठरवायचंस. मोगरी अजून ठोके द्यायच्या लायकीची आहे, मी तिच्या लायकीची राहिले नाही. माझ्या स्टुलाला तीन ठोके दे. टिकलं तर ठसा दे आणि परत पाठव. नियमाप्रमाणे मी दाराबाहेर उभी आहेच, दार जरा दोन दिवसांच्या वाटेवर आहे एवढंच. टिकेल याची मला खात्री आहे. माझ्या हातचं आहे, आणि आता तर यंत्राच्याही हातचं.

आणि ते राहिलं होतं ते. मला माफ कर.

नाही केलंस तरी ठोके दे. ते दोन वेगळे विषय आहेत.

तुझी,
ताई

ता.क. खोकं शिंपीणबाईंनी शिवलंय, वरून गोणपाट घालून. मोटारीवर. त्यांनी आत एक रुमालही घातलाय आणि तुला सांगायला सांगितलंय की जीव आहे का चाचपून बघ.


९ मे

ताईस सा. न.

तुझी पाचही पत्रं पोचली. फाडली नाहीत. पहिल्याच्या चार ओळी वाचल्या, मग पाचवीही वाचली.

खोकं चांगल्या अवस्थेत आलं. शिंपीणबाईंना रुमाल पोचल्याचं सांग.

माझं स्टूल बघितलं. नवा पाय चांगला बसलाय, रेषाही जुळवल्यास. ठसा बघितला. त्यावर अजून बसलो नाही, बाकावर ठेवलंय. इथे माझा बाक नव्हता. वखारीच्या मालकांना विचारून मागच्या शेडमध्ये एक टाकलाय.

एक चूक दुरुस्त कर. त्या दिवशी करवत चालू नव्हती. तू दार लावलंस तशी मी ती बंद केली होती. ठोके मोजायचे असताना कोण करवत चालवतं? पहिल्यापासून चौथ्यापर्यंत मी कान दाराला लावून उभा होतो. तिसऱ्यानंतर मी हसलोसुद्धा होतो. तू एवढी वर्षं करवत ऐकत राहिलीस, मी तो चौथा ऐकत होतो. तुझं चौथं पत्र आलं त्या दिवसापासून ऐकू येत नाही.

आता तुझं स्टूल. मालकांना दाराबाहेर उभं केलं, तुझ्या जागी. पहिल्या ठोक्याला उभं राहिलं. दुसऱ्याला डावीकडचा पाय सुटला. खाच अर्ध्या सुतानं मोठी पाडलीयस आणि पोकळी सरसानं भरलीस. राउटरला लहान पातं लावायचं आणि दोनदा फिरवायचं, एकदाच मोठं लावून मोकळं व्हायचं नाही. बाबा असते तर "उद्या परत" म्हणाले असते. बाकीचे दोन पाय चांगले आहेत. दिसायला देखणं आहे हे खरं.

तिसरा ठोका दिला नाही. ठसा दिलेला नाही. खोटा देणार नाही हे तुला माहीत होतं, म्हणूनच पाठवलंस.

मोगरी आणि सळई परत पाठवत नाही. शनिवारपासून आठ दिवस रजा आहे, बरोबर घेऊन येतो. तोपर्यंत दुसरं स्टूल करून ठेव. करवतीला फळी रेटू नकोस. मनगटाला पट्टी बांध.

मी आलो की आत जाईन आणि दार लावून घेईन. तू बाहेर पायरीवर उभी राहा.

आणि मोज.

भुश्या